कोल्हापुरी चप्पल परदेशात विकायची आहे? आधी काय करावं लागतं?

इन्स्टाग्रामवर परदेशातून ऑर्डर आली, म्हणून लगेच माल पाठवता येत नाही. घरगुती व्यवसायालाही आधी आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी काढावा लागतो. डीजीएफटीच्या वेबसाईटवर तो ५०० रुपयांत मिळतो. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि बँक खातं लागतं. दरवर्षी एप्रिल ते जूनदरम्यान माहिती अपडेट केली नाही, तर कोड बंद पडू शकतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. ते लावून विकायचं असेल, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी.

पार्सल पाठवायचं कसं?

दोन-चार जोडांसाठी कंटेनर लागत नाही. टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातून कस्टम्सची कागदपत्रं ऑनलाईन भरून पार्सल पाठवता येतं.

अमेरिकेचा ग्राहक असेल तर?

८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर तिथे आयात शुल्क लागत नव्हतं. २९ ऑगस्ट २०२५ पासून ही सवलत बंद झाली. त्यामुळे शुल्क कोण भरणार, हे किंमत सांगतानाच ठरवावं. ग्राहकाने पार्सल नाकारलं, तर जाण्या-येण्याचा खर्च नफ्यापेक्षा जास्त होऊ शकतो.