भिंतींचा दप्तरखाना

आपल्याकडे इतिहासाची साधने म्हणजे ताम्रपट, शिलालेख आणि बखरी, अशी समजूत रूढ आहे. ती निर्माण करण्याची ऐपत ज्यांच्यापाशी होती, त्यांचाच इतिहास त्यामुळे लिहिला गेला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या दानाचा लेख आहे; भिंती रंगविणाऱ्या हातांची नावे त्यात नाहीत. रॉबर्ट गिलने १८४४ नंतर या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. त्याने घेतलेली लेण्यांची छायाचित्रे मात्र मागे राहिली.

हाच न्याय गावातल्या भिंतींना का लावू नये? माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचले नाही; आमच्या नावाचा सातबाराही नाही. अशांनी आपला दप्तरखाना शोधायचा कुठे? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत सामान्य कार्यकर्त्याचे वर्तमानपत्र म्हणजे भिंत होती. १९९५ साली मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध कायदा आला. कायद्याला भिंत दिसते. तिच्यावर लिहावे का लागले, हे दिसत नाही.

देवगाव रंगारीच्या बाजारात मी अशा भिंतींची छायाचित्रे घेतो. एके ठिकाणी बियाण्याच्या जाहिरातीचा पिवळा रंग पावसाने उतरला आणि खालून निळे ‘जय भी’ एवढेच वर आले. शेवटचे अक्षर पोपड्याबरोबर गळाले होते. ही कोणी ठरवून केलेली कलाकृती नव्हे. शहरातला रसिक तिला सुंदर म्हणेल. पण नुसते सुंदर म्हणून पुढे जाणे, हीही एक सफेदीच. ते अक्षर कोणी लिहिले, त्यावर रंग कोणी फासला, हे विचारल्याशिवाय छायाचित्र इतिहासाचे साधन होत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनी व कार्यकर्त्यांनी भिंत पूर्ण टिपावी, शेजारचे घर-दुकान दिसू द्यावे, तारीख आणि आळी नोंदवावी. लिहिणारा हयात असेल तर त्याच्या संमतीने त्याची हकिकत उतरवून घ्यावी. नामांतराच्या ठरावाच्या वेळी विशीत असलेले कार्यकर्ते आज सत्तरीकडे झुकले आहेत. निवडणुकीची रंगरंगोटी सुरू होण्याआधी हे काम झाले पाहिजे. वराहदेवाचे नाव दगडात आहे. आपल्या लिहिणाऱ्यांचे निदान कागदावर यावे.