कात्रजचें पाणी आणि लोकहित

सृष्टींतील पदार्थ सर्वांसाठीं आहेत; मालकी एकाची असली तरी उपयोगांत इतरांचाही वांटा असावा, असें कॅथलिक पंथाच्या सामाजिक शिकवणुकींतील एक सूत्र आहे. १३ व्या शतकांत संत थॉमस अक्वायनस यांनीं तें मांडिलें. १८९१ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकांत त्याचाच आधार घेतला. तें पुण्याच्या इतिहासास लावून पाहूं.

इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजचें पाणी बंदिस्त नळानें शहरांत आणविलें. तें शनिवारवाड्यांत गेलें, तसेंच काळ्या हौदासारख्या हौदांतून रहिवाशांसही मिळालें. योजना सरकारची, उपयोग लोकांचा. परंतु 'सर्व' या पदाचा अर्थ येथें संकोचला. अस्पृश्य मानिलेल्यांस सवर्णांच्या पाणवठ्यांवर मज्जाव होता. १८६८ सालीं जोतीराव फुल्यांनीं आपल्या घरचा हौद त्यांस खुला केला. हौद खासगी, पण सूत्राचा अर्थ तेथें पुरा झाला.

सारांश, पाणवठ्याची परीक्षा तो कोणीं बांधिला यावरून न करितां, तेथें घागर कोणास बुडवितां येई यावरून करावी, असें आमचें मत आहे. ज्यांच्या संग्रहीं नळांचे व हौदांचे कागद असतील, त्यांनीं ते या दृष्टीनें पुन्हा वाचावे.