येरवड्याला पाठवा!

"याला येरवड्याला पाठवा!" वर्गात मुलं एकमेकांना सर्रास म्हणायची. चेष्टाच ती, पण मागे भीती होती. १९१२ चा इंग्रजी कायदाच मुळी 'वेड्यांचा' होता. १९८७ चा नवा कायदा १९९३ मध्ये लागू झाला, तेव्हा तो गेला. दरम्यान १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी ठाण्यात आयपीएच संस्था सुरू केली. पुढे मराठीत रुग्णासाठी 'शुभार्थी' हा सुंदर शब्द आला. २०१७ च्या कायद्याने उपचार हा हक्क ठरवला. तरी परवा एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत, पण घरी सांगितलेलं नाही." जुना कायदा जायला ८१ वर्षं लागली. मंडळी, आपल्या घरात कुणी असं सांगायला आलं, तर उपदेश नको. चहा ठेवा आणि ऐकून घ्या. डॉक्टरांकडे सोबत जा.