आईची अट

बारावीचा निकाल लागला, की मुलांना दूरच्या शहरांची ओढ लागते आणि घरात आई अबोल होते. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी तो अबोला अनुभवला असेल. राजकोटच्या गांधींच्या घरात १८८८ साली हेच घडले. मोहनदासांचे पुढील चरित्र सर्वांस ठाऊक आहे. त्या वर्षी मात्र ते अठरा वर्षांचे, अभ्यासात बेताचे आणि कमालीचे लाजाळू विद्यार्थी होते.

विलायतेचा विचार निघाला तोच मुळी अपयशातून. १८८७ साली मॅट्रिक होऊन ते भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले. परंतु तेथील व्याख्याने त्यांना उमगेनात. पहिले सत्र संपताच ते घरी परतले. वडील करमचंद १८८५ सालीच निवर्तले होते. कुटुंबाचे स्नेही मावजी दवे यांनी सुचविले, की मुलास विलायतेस पाठवा, तीन वर्षांत बॅरिस्टर होऊन येईल. खर्चाचा अंदाज चार-पाच हजार रुपये! संस्थानाकडून मदत मिळावी म्हणून मोहनदास पोरबंदरला निघाले आणि एक दिवस वाचावा म्हणून धोराजीहून आयुष्यात प्रथमच उंटावर बसले. तेथील प्रशासक लेली साहेबांनी जिना चढता चढताच, आधी पदवी घे, असे सांगून त्यांची बोळवण केली. चुलत्यांनी आडकाठी केली नाही. पण खरी परवानगी आईची, असे ते म्हणाले.

आणि पुतळीबाईंचे मन तर तयार होत नव्हते. त्यांनी चौकशी आरंभिली. तिकडे तरुण बहकतात, मांस खातात, मद्यावाचून तेथे निभावत नाही, असे त्यांच्या कानी आले. मुलगा शपथ घ्यावयास सिद्ध होता. येथे तुझा भरवसा वाटतो, पण परमुलखात कसा धरू, हा त्या माउलीचा प्रश्न होता. अखेर बेचरजी स्वामी या जैन साधूंपुढे मद्य, मांस व परस्त्री वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा झाली, तेव्हा कोठे अनुज्ञा मिळाली. पत्नी कस्तुरबा व काही महिन्यांचा हरिलाल घरीच राहिले.

मुंबईत मोढ वाण्यांच्या पंचायतीने समुद्रगमनाबद्दल त्यांना जातिबाह्य ठरविले. जो कोणी साहाय्य करील वा धक्क्यावर निरोप द्यावयास जाईल, त्यास सव्वा रुपया दंड! मेहुण्याजवळ ठेवलेले पैसेही त्यामुळे मिळेनात. एका स्नेह्याकडून उसने घेऊन ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते जहाजावर चढले. आई मात्र राजी झाली होती. पंचायतीने नुसता नकार दिला. आईने अट घातली. हा फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

लंडनमध्ये त्या अटीपायी कित्येक दिवस अर्धपोटी काढावे लागले. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी खाणावळ सापडली, तेव्हा प्रथमच ते पोटभर जेवले. मग अंड्यांचा प्रश्न आला. तेथील काही शाकाहारी मंडळी अंडे मांसात धरीत नसत, आणि त्या व्याख्येचा आधार घेऊन मोहनदास काही काळ अंडी खाऊ लागले. परंतु प्रतिज्ञेचा अर्थ घेणाऱ्याने नव्हे, तर देवविणाऱ्याने ठरवावयाचा, हे त्यांच्या ध्यानी आले. आईच्या लेखी अंडे म्हणजे मांसच. त्यांनी ते सोडले. आई हजारो मैल दूर होती. पाहणारे कोणी नव्हते. कायद्याच्या विद्यार्थ्याला पळवाटा का दिसल्या नसतील?

१० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले आणि दोनच दिवसांनी परतीच्या प्रवासास निघाले. मुंबईच्या धक्क्यावर थोरले बंधू लक्ष्मीदास घ्यावयास आले होते. आई मधल्या काळात वारली होती. परदेशात आघात सोसावा लागू नये म्हणून त्यांनी ते वर्तमान कळविले नव्हते. ते आता सांगितले. वडिलांच्या निधनापेक्षाही हे दुःख मोठे होते, असे मोहनदासांनी पुढे लिहिले. तथापि डोळ्यांत पाणी येऊ दिले नाही. जातीत परत घेतले जावे म्हणून बंधूंनी त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडविले आणि मग राजकोटला ज्ञातिभोजन घातले.