दिवेलागणीचे पाढे

2020 च्या एप्रिलात, कोरोनाच्या टाळेबंदीत, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाची सरकारी अभ्यासमाला रोज सकाळी मोबाईलवर येऊ लागली. तेव्हा मी दर्यापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरी-तिसरीला शिकवत होते. निवृत्ती तोंडावर आली होती. संदेश आला की पालकांच्या गटावर पुढे पाठवायचा: आजचा व्हिडिओ, आजची कृती, आजचा सराव. गटातले मोबाईल बहुतेक बापांचे, आणि बाप वावरात. एका आईनं मला रस्त्यातच गाठलं. “मॅडम, पोट्टं घरी, शाळाबी घरी, अन् वावरात कोन जाईन?”

घरी शिकवणं ही वऱ्हाडात काही नवी गोष्ट नाही. ते कोणाच्या घरी चालायचं आणि कोणाच्या नाही, हे मात्र विचारावं लागतं.

1853 च्या तहानं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं आणि 1860 च्या दशकात सरकारी शिक्षण खात्याच्या शाळा निघू लागल्या. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं गावोगाव पंतोजीची शाळा होती, देवळाच्या ओवरीत नाहीतर कोणाच्या तरी वाड्यात. कागद महाग, म्हणून धुळपाटी. फळीवर बारीक माती पसरायची, काडीनं अक्षर काढायचं, हातानं पुसायचं, पुन्हा काढायचं. मग मोडी, मग हिशेब. शाळा सुटली तरी दिवस संपत नसे. दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढे बसायचं. शुभंकरोती झालं की वार, तिथी, महिने, नक्षत्रं आणि शेवटी पाढे. तिसापर्यंतचे सरळ पाढे सोपेच धरले जात. खरी कसोटी त्यापुढची: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि सगळ्यात अवघड औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. याला परवचा म्हणत.

परवच्याच्या आठवणी लोक फार गोड करून सांगतात. ज्यांनी कान पिळून घेतले तेच पुढे लेख लिहितात, म्हणून असेल. पण परवचा चाले तो जोशाच्या, पटवाऱ्याच्या, वाण्याच्या घरी. ज्या घरात आधीपासून कोणीतरी लिहितं-वाचतं होतं, त्याच घरात संध्याकाळी शाळा भरायची. कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या पोराच्या वाट्याला संध्याकाळी गुरं बांधणं यायचं. पोरींचं तर विचारूच नका.

आमच्या घरी परवचा नव्हता. औटकी मात्र होती.

माझे आबाजी अकोटच्या कापूसबाजारात मापारी होते. कागदावर अंगठा उठवायचे, पण तोंडी हिशेबात त्यांचा हात धरणारा बाजारात कोणी नव्हता असं म्हणत. त्यांची शाळा म्हणजे अडत्याच्या गादीसमोरचा ओटा. लहानपणी कापसाच्या गाडीबरोबर जायचे. आत सेठचा मुलगा घोकत बसलेला असे, ते बाहेर बसून ऐकत. अक्षरं ऐकून येत नाहीत, पाढे येतात.

या बाजाराला तोवर मोठा इतिहास झालेला होता. कारंज्याला 1886 मध्ये नियमानं चालणारा कापूसबाजार सुरू झाला, देशातला तो पहिला मानतात. 1897 मध्ये वऱ्हाडाच्या कापूस-धान्य बाजारांसाठी वेगळा कायदा आला. कायदा आला म्हणून शेतकऱ्याची फसवणूक थांबली असं नाही. काट्यावर बसणारा, भाव बोलणारा आणि वहीत लिहिणारा तिघेही समोरचे, आणि गाडीवाला एकटा. त्याला हिशेब येत असेल तरच तो तोंड उघडणार. आबाजींचा सगळा अभ्यास या एका गरजेतून आलेला.

दिवेलागणीला ते सपरीत खाटेवर बसत आणि आम्हां पोरांना विचारत, “साडेतीन मण, नऊ रुपये भाव. किती?” आम्ही बोटं मोजायला लागलो की हसत. औटकीत नवव्या घराला साडेएकतीस. झालं. “मणाले पाच रुपये, शेराले किती?” मण चाळीस शेरांचा, पाच रुपयांचे आणे ऐंशी, म्हणून दोन आणे. हे दुसरं गणित मला फार आवडायचं, कारण ते एकदा कळलं की पाठ करावं लागत नव्हतं. दहा रुपये मण असेल तर चार आणे शेर, अडीच रुपये असेल तर एक आणा. औटकीचा मात्र मला राग होता आणि आजही आहे. काही लोक औटकी शाळेत परत आणा म्हणतात. त्यांनी आधी सहा वर्षांच्या पोराला ती विचारून पाहावी.

गंमत अशी की आबाजी विचारत होते तेव्हा तो हिशेब बाजारातून गेलेलाच होता. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि पुढच्या काही वर्षांत शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. दशमान पद्धतीत साडेतीनला नुसतं गुणता येतं, त्यासाठी वेगळा पाढा कशाला? बालभारती 1967 च्या जानेवारीत स्थापन झाली. मी पहिलीत गेले तेव्हा हातात तिचंच नवं कोरं पुस्तक होतं आणि त्यात औटकी नव्हती. म्हणजे घरी शिकवलं जाणारं गणित एक आणि शाळेतलं दुसरं. आबाजींना ते पटलं नाही. त्यांच्या लेखी शाळा अर्धवट होती.

मोजायची साधनं मात्र दोन्हीकडे एकच होती: पऱ्हाटीच्या काड्या. कापूस वेचून झाला की वावरात नुसत्या काड्या उरतात, चुलीत जातात. त्यांतल्या सरळ निवडून विताएवढ्या तोडायच्या, दहा-दहाच्या जुड्या सुतळीनं बांधायच्या. सव्वीसातून नऊ वजा करायचे तर एक जुडी सोडावीच लागते, सोडताना हाताला काडीचं कूस लागतं आणि हातच्याचा अर्थ डोक्यात बसतो. पुढे मी शिक्षिका झाले, शाळेत रंगीत प्लास्टिकचे मणी आणि ठोकळे आले, तरी मी काड्यांचा गठ्ठा कपाटात ठेवलाच. एककासाठी सरकी वापरायची. फुकट मिळते, आणि हरवली तर कोणी रागावत नाही.

पोरींची घरातली शाळा वेगळीच होती आणि तिला कोणी शाळा म्हणत नसे. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई मांडली की कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी या घरून त्या घरी जायचं, टिपऱ्या धरून गाणी म्हणायची. एकातून एक निघत जाणारी लांबलचक गाणी, एक दुवा सुटला तर पुढचं सगळं कोसळलं. मोठ्या पोरी लहानींना शिकवत, कागद कुठेच नाही. शेवटी खाऊ ओळखायचा. घरवाली झाकलेला डबा हलवून आवाज ऐकवी. गोड की तिखट? भिजवलेलं की भाजलेलं? गोल की लांब? प्रश्न नीट विचारले तर चार-पाच प्रश्नांत खाऊ सापडे, उगाच नावं फेकत बसलं तर रात्र होई. माझी एक चुलतबहीण यात हुशार होती. ती आधी चव काढून घ्यायची, मग कोरडं की ओलं, मग आकार. चौथीनंतर तिची शाळा सुटली. तिच्या डोक्याचा उपयोग कुठे झाला असता, हा विचार मला भुलाबाई आली की येतोच.

घरात शिकलेलं कोणी नाही त्या घराचं काय, हा प्रश्न वऱ्हाडात ज्या माणसानं सगळ्यात मोठ्यानं विचारला त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. गाडगेबाबा, जन्म 1876, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्न-उत्तरं. देवाबद्दल, कर्जाबद्दल, दारूबद्दल विचारत विचारत गाडी पोरांच्या शाळेवर आणायची. भांडी विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, हे त्यांचं सांगणं आमच्या भागात ज्यानं कीर्तन ऐकलं नाही त्यालाही माहीत असतं. पंजाबराव देशमुखांनी दुसरी बाजू धरली. शिकायला घर उपयोगाचं नसेल तर पोरासाठी दुसरं घर उभं करायचं. पापळच्या शेतकरी घरातून निघून परदेशात शिकून आलेल्या या माणसानं अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था. वसतिगृहातला दिवाबत्तीचा तास हा बहुजन पोरांचा परवचाच होता, फक्त विचारायला बाप नव्हता.

मधे उलटा प्रयत्नही झाला, घरातलं हातकाम शाळेत आणायचा. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या नयी तालीमची परिषद झाली आणि सूत कातायची टकळी शाळेत आली. मध्य प्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजनाही त्याच सुमाराची. तिच्या नावातल्या ‘मंदिर’वरून मुसलमान समाजानं हरकत घेतली. अकोला, बाळापूर, अचलपूर या गावांत उर्दू शाळांची जुनी परंपरा, तिथे ते झोंबणारच. टकळीचं पुढे फारसं काही झालं नाही.

ताराबाई मोडकांचं नाव आपण बोर्डी-कोसबाडशी जोडतो. पण लग्नानंतर काही वर्षं त्या अमरावतीत होत्या, त्यांचे यजमान तिथे वकील. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, दादरला शिशुविहार काढला, आणि 1945 नंतर ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी एक साधी गोष्ट केली. पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. पोरं गुरं घेऊन कुरणात जातात, तर कुरणात शाळा. फी, पुस्तक, घंटा सगळं नंतर. मला विचाराल तर घरच्या शिक्षणाचा आपल्याकडचा सगळ्यात शहाणा प्रयोग हाच, कारण त्यात घराला ‘शाळेसारखं व्हा’ असं कोणी सांगितलं नाही.

2020 मध्ये नेमकं तेच सांगितलं गेलं. 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागू लागली, ती चांगली होती. त्यात पोरं घरातल्याच वस्तू घेऊन शिकत. पण पेरणीनंतरच्या दिवसांत वीज कधी असायची, कधी नसायची. मेळघाटात तर बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंजच नव्हती, आणि धारणी-चिखलदऱ्याच्या पोरांची घरची भाषा कोरकू. मराठी स्वाध्यायपत्रिका त्या घरी पोचली तरी ती घरातल्या कोणाशी बोलणार? तिथले शिक्षक पाड्यावर जाऊन झाडाखाली बसले. आम्ही इकडे देवळाच्या पारावर चार-चार पोरं बसवली. 2021 च्या फेब्रुवारीत रुग्ण वाढले, 22 तारखेपासून अमरावती आणि अचलपूरला पुन्हा कुलूप लागलं, आणि पारही रिकामा झाला.

तेव्हा मी पत्रिकेवरची ‘प्रिंट काढून रंगवा’ ही ओळ गाळून टाकायला लागले. आमचा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, नळ येतो तो चार-सहा दिवसांआड. तिसरीच्या पोरांना काम दिलं: नळ आला की किती गुंड भरले, एका गुंडात किती तांबे, पुढचा नळ येईपर्यंत रोज किती तांबे वापरायचे? सगळ्या पोरांनी केलं, कारण ते काम घरात होतच होतं, आणि आज्या त्यात तावातावानं पडल्या. एकीनं निरोप धाडला, “मॅडमले सांग, पाहुने आले तं गनित बदलते.” पाहुण्यांचे तांबे मग वेगळे लिहिले. हा शिल्लक ठेवायचा हिशेब मला पाठ्यपुस्तकात कुठे सापडला नव्हता.

भांडणंही झाली. 2019 मध्ये दुसरीच्या गणितात एकवीस, बावीस यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन आलं. मंगला नारळीकरांच्या समितीनं ते जोडाक्षरांचा त्रास कमी व्हावा म्हणून सुचवलं होतं, आणि राज्यभर गदारोळ झाला होता. शाळेत मी ते निभावून नेलं असतं. पण पोरं घरी बसली आणि पुस्तक आजोबांच्या हाती गेलं. “एकुणतीसले वीस नऊ? हे कोनतं गनित व्हय?” मला ती पद्धत पटते, एकुणतीस ऐकून 29 लिहिताना आधी तीन लिहिणारी पोरं मी आयुष्यभर पाहिली. आजोबांना नाही पटली, आणि घरी मत त्यांचं चालतं.

1 डिसेंबर 2021 ला पहिली ते चौथीचे वर्ग उघडले तेव्हा मी निवृत्त झाले होते. दुसरीत बसलेल्या पोरांनी पहिलीचा वर्ग पाहिलेलाच नव्हता. 2022 पासून शाळापूर्व तयारीसाठी गावोगाव माता गट झाले. आयांना चित्रांची कार्डं मिळतात, त्यावर घरी करायच्या कृती असतात: डाळी वेगळ्या करणं, कपड्यांच्या जोड्या लावणं, लहान-मोठं ओळखणं. कार्डं नेटकी आहेत. आमच्या गावच्या गटानं दोन गोष्टी आपल्या मनानं ठरवल्या. ज्या आईला वाचता येत नाही तिच्या शेजारी वाचणारी बसेल. आणि दसऱ्यानंतर कापूस वेचणीला आला की गट बसणार नाही. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, तेव्हा पोरंही आयांबरोबर धुऱ्यावर येतात आणि संध्याकाळी काट्याजवळ उभी राहून आपल्या मायचे किलो मोजतात.