जाड पिनेचा इतिहास

१/ परभणीतील बहुतेक घरांच्या भिंतींवर दोन मापांची सॉकेट्स दिसतात. लहानात पंखा, मोठ्यात गिझर. ही मापे आली कुठून?

२/ ब्रिटनच्या १९३४ च्या ‘बीएस ५४६’ या मानकातून. प्रत्येक विद्युतभाराला वेगळ्या मापाच्या गोल पिना त्यात ठरल्या. ५ अँपिअरसाठी बारीक, १५ साठी जाड. अर्थिंगची पिन अधिक लांब, म्हणजे प्लग खोचताना तीच आधी जोडली जाते.

३/ १९४७ मध्ये ब्रिटनने चौकोनी पिनांचा १३ अँपिअरचा नवा प्लग स्वीकारला. सर्व उपकरणांना एकच माप. संरक्षणासाठी प्लगच्या पोटातच फ्यूज.

४/ त्याच वर्षी भारत स्वतंत्र झाला; परभणी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिली. पुढे स्वतंत्र भारताने ‘आयएस १२९३’ या मानकात गोल पिनाच कायम ठेवल्या. आज त्यांची क्षमता ६ व १६ अँपिअर आहे.

५/ २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॅट; १६ अँपिअर म्हणजे ३,६८० वॅट. आपल्या गोल पिनेच्या प्लगमध्ये फ्यूज नसतो. त्यामुळे ब्रिटनने जे काम फ्यूजवर सोपवले, त्यातील पहिला पहारा येथे पिनेची जाडीच देते: जड यंत्राचा प्लग लहान सॉकेटात शिरतच नाही.

६/ कन्व्हर्टर लावून तो शिरवला, की हा पहारा उठतो आणि भिंतीतील बारीक तार तापू लागते. न बसणारा प्लग ही गैरसोय नव्हे. ती नव्वद वर्षांपूर्वी योजलेली सूचना आहे.