‘तक्रार नाही’ या नोंदीविषयी

स्त्रियांच्या जुनाट विकारांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास पहिली अडचण येते ती साधनांची. १८८५ मध्ये डफरिन निधी स्थापन झाला, तेव्हापासून आपल्याकडील स्त्रीवैद्यकाचे लक्ष मुख्यतः प्रसूतीकडे राहिले. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या १८८६ च्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्र हाच होता, आणि ते त्या काळास धरूनच होते. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला व गर्भधारणा टाळणे हा नोंदीचा दुसरा विषय झाला. जी गरोदर नाही, परंतु अंगावरून जाणे, पाळीच्या वेदना किंवा अंग बाहेर येणे हे वर्षानुवर्षे सोसते आहे, अशी स्त्री सरकारी दप्तरात क्वचितच आढळते.

या दृष्टीने जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध इतिहासाचे साधन म्हणूनही वाचावयास हवा. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोगांपैकी एक वा अधिक विकार आढळले. दर स्त्रीमागे सरासरी ३.६. पूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.

तथापि निबंधाचे खरे महत्त्व त्याच्या पद्धतीत आहे, असे आम्हांस वाटते. रुग्णालयाच्या नोंदवहीत जी दारापर्यंत आली तीच मोजली जाते. येथे तक्रार असो वा नसो, गावातील स्त्रियाच तपासल्या गेल्या. तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या. उरलेल्या ४५ टक्के स्त्रियांनी काहीच सांगितले नव्हते. या दोन आकड्यांशेजारी ९२ हा आकडा ठेवला म्हणजे जुन्या दप्तरांतील मौनाचा अर्थ ‘आरोग्य’ असा करण्याचा अधिकार इतिहासकारास उरत नाही. अर्थात दोन गावांचे प्रमाण सबंध देशास लावणे धाडसाचे होईल.

उणीव पुढेही राहिलीच. १९९२–९३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांसाठीची मुख्य प्रश्नावली वयाच्या ४९ व्या वर्षी थांबते. ४५ वर्षांपुढील व्यक्तींची स्वतंत्र राष्ट्रीय पाहणी व्हावयास २०१७–१८ साल उजाडले. अंग बाहेर येण्याचा त्रास तर पुष्कळदा पाळी गेल्यानंतरच वाढतो.